वेणी घालायला शिकलो ते दिवस

रेवदंड्याला पोस्टमास्तर म्हणून माझी बदली झाली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि माझी मुलगी सहा वर्षांची. आमची दोघांची फारशी ओळख नव्हती. तिची आई तापाने गेली तेव्हा ती दीड वर्षाची होती. माझ्या थोरल्या बहिणीने तिला साताऱ्याला आपल्या घरी नेलं. मी पोस्टात नोकरीला, आज या गावी, उद्या त्या गावी. वर्षातून दोनदा मी साताऱ्याला जाई, खाऊ देई, ती तो आत्याच्या पदराआडून हात काढून घेई, आणि मी परत येई. पुढे बहिणीला चौथं मूल झालं आणि मेव्हण्यांचं पत्र आलं की आता मुलगी बापाजवळ असलेली बरी. त्यात गैर काही नव्हतं. बदलीचा हुकूम आणि ते पत्र एकाच आठवड्यात आलं.

मुंबईहून आम्ही आगबोटीने आलो. बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसं किनाऱ्यावर उतरवत. पडाव हलू लागला तेव्हा मी तिच्यापुढे हात केला. तिने तो धरला नाही. वळकटीची दोरी धरून बसली.

पोस्ट एका कौलारू घरात होतं. पुढच्या खोलीत कचेरी, मागे आमच्या दोन खोल्या. त्यांच्या मागे कुंपण आणि कुंपणापलीकडे एक नारळीची वाडी. जेवणाची सोय पलीकडच्या आळीतल्या एका विधवा काकूंकडे केली होती. त्या दोन्ही वेळचा डबा आणून देत. स्वयंपाक होईपर्यंत त्या सोवळ्यात असत, त्यामुळे सकाळी मुलीला शिवायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या दिवशी सकाळी मुलगी फणी घेऊन माझ्यासमोर आली आणि पाठ करून उभी राहिली. तिचे केस कमरेपर्यंत होते. तिला काय हवं आहे ते मला कळलं, पण ते कसं करायचं ते मला माहीत नव्हतं. मी केस विंचरले, तीन भाग केले, ते एकमेकांवरून टाकले, ते सुटले. पुन्हा टाकले, पुन्हा सुटले. तिकडे टपालाची वेळ झाली होती. शेवटी सगळे केस एका मुठीत धरले आणि टपालाच्या थैलीचं तोंड बांधतात तसे सुतळीने बांधून टाकले. ती शाळेत गेली.

पंधरा दिवस असं चाललं. मग मुलींच्या शाळेतल्या बाई पोस्टात कार्डं घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "मुलगी आजारी आहे का? चार दिवस झाले, शाळेत नाही."

मी म्हटलं, "रोज येते की."

"नाही हो. मुली तिला 'पोस्टाची थैली' म्हणतात. मी दटावलं त्यांना, पण तेव्हापासून ती आलीच नाही."

तो शुक्रवार होता. दुपारचं काम पोस्टमनवर सोपवून मी तिला शोधायला निघालो. लांब जावं लागलं नाही. मागच्या वाडीतल्या घराच्या ओट्यावर एक गृहस्थ बसले होते आणि त्यांच्यासमोर पायऱ्यांवर पाच मुली ओळीने बसल्या होत्या. चार त्यांच्या आणि शेवटची माझी. गृहस्थ एकेकीची वेणी घालत होते.

हे घर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं होतं. त्या भागात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी ते काम बंद ठेवत. या गृहस्थांचा घाणा वडिलांबरोबर संपला होता. आता ते वाडी बघत आणि काथ्याचा सुंभ वळून विकत. मी त्यांना पोस्टात पाहिलं होतं. फौजेत असलेल्या भावाची पत्रं न्यायला ते येत. त्याहून अधिक बोलणं झालेलं नव्हतं.

"बसा मास्तर," ते म्हणाले. "तिच्या आधी अजून दोघी हायत."

मी बसलो. पुरुष वेणी घालतो हे मी प्रथमच पाहत होतो आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण ते आपणहून सांगू लागले. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागे. त्याच्या आत आंघोळी, स्वयंपाक, झाडलोट, सगळं उरकायचं. बायकोचे हात चुलीपाशी अडकलेले. "मग डोकी माझ्याकडं आली," ते म्हणाले. "दिवसभर सुंभ वळतो, त्यात काय मोठं!"

माझ्या मुलीची पाळी आली. माझी सुतळी सोडवायला त्यांना बराच वेळ लागला.

"ही गाठ कुणी मारली गं?"

"बाबांनी."

"पक्की हाय. अलिबागपर्यंत सुटायची न्हाय."

त्यांच्या मुली हसल्या आणि माझीही हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, हेही मला तेव्हाच कळलं.

रविवारी पोस्ट बंद. त्या दिवशी त्याने (पुढे आमचं इतकं जुळलं की इथे मी त्याला 'तो' म्हणायला हरकत नाही) ओट्याच्या खांबाला काथ्याचे तीन लांब पेड बांधले आणि मला समोर बसवलं. उजवा पेड मधल्यावरून, मग डावा मधल्यावरून, प्रत्येक वेळी सारखा ताण. मी ओढून ओढून वळत होतो. "ओढू नका," तो म्हणाला. "पोरीचं डोकं हाय, गलबत न्हाय बांधायचं." आतून त्याची बायको हसल्याचं ऐकू आलं. तीन रविवार गेले. चौथ्या सोमवारी मुलगी दोन वेण्या घालून शाळेत गेली. डावी जरा वर होती. त्याबद्दल कुणी काही म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

मला तोवर मित्र नव्हते असं नाही. प्रत्येक गावी चारदोन माणसं मिळत. त्यांच्याशी बोलणं होई ते बदल्यांचं, बढत्यांचं, वरच्या साहेबाच्या स्वभावाचं. याच्याशी बोलणं वेगळं होतं. मुलगी झोपेत दात खाते, ते कशाने? तिला वाळ्याचं पाणी द्यावं का? त्याच्या थोरलीला अंधाराची भीती वाटे, तिसरी सगळं दुसरीवर ढकले. दोन पुरुष ओट्यावर बसून अशा गोष्टी तासन्‌तास बोलत. मी मुलीचा बाप सहा वर्षं होतो, पण तिच्याबद्दल कुणाशी बोलायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघंही सांभाळून होतो. त्याच्या घरी मी कधी पाणी मागितलं नव्हतं आणि त्याने कधी पुढे केलं नव्हतं. मुलगी तिथे काय खाते, काय पिते, हे मी तिला विचारत नसे. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

पाचसहा महिन्यांनी त्यांच्या घरी नवस फेडायचा होता. त्या दिवशी ते मलिदा करतात, म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं. दुपारी त्याची तिसरी मुलगी, माझ्या मुलीच्या वयाची, मलिद्याची ताटली घेऊन आमच्या मागच्या दाराशी आली. मी पुढे कचेरीत पत्रांवर शिक्के मारत होतो. मधलं दार उघडं होतं. नेमक्या काकू डब्याची भांडी न्यायला आल्या होत्या आणि अंगणात उभ्या होत्या. माझ्या मुलीने काकूंकडे पाहिलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "तुमच्या हातचं आम्हाला चालत नाही."

मी हे ऐकलं. उठलो नाही. हातातला शिक्का तसाच चालू ठेवला. थोड्या वेळाने मागे गेलो तेव्हा ती मुलगी ताटलीसकट निघून गेली होती.

शुक्रवारची वेणी तिची अजून वाडीतच होई; पुढच्या शुक्रवारी माझी मुलगी नेहमीसारखी फणी घेऊन वाडीत गेली आणि लगेच मोकळ्या केसांनी परत आली. "काका म्हणाले, तुझे बाबा घालतील." मी वेणी घातली. ती पाठमोरी बसूनच म्हणाली, "मी चुकले का?"

"तू कुणाकडून तरी ऐकलेलं बोललीस," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. मैत्रीण आता शाळेत तिच्याशेजारी बसत नाही, एवढं तिने सांगितलं.

तो पोस्टात आला, कार्ड मागितलं, घेतलं आणि गेला. असं दोनदा झालं. दुसऱ्या रविवारी मी वाडीत गेलो. तो ओट्यावर काथ्या पिंजत बसला होता. त्याने बसा म्हटलं नाही. मी उभाच राहिलो.

"पोर बोलली त्याचं मला काई न्हाय," तो म्हणाला. "पोरं ऐकतात ते बोलतात. पण तुम्ही घरात होता."

"होतो."

"माझी पोर सांगत होती, शिक्क्याचा आवाज येत होता. मधे थांबला न्हाय."

मी घरून एकदोन वाक्यं जुळवून आणली होती, ती तशीच राहिली. उन्हातून आल्यामुळे घसा मात्र खरोखर कोरडा पडला होता. मी म्हटलं, "जरा पाणी द्या."

त्याने हातातलं काम थांबवलं. "विचार करा मास्तर. समोरचा रस्ता वाहता हाय."

"बघतील ते बघतील."

त्याने आत हाक मारली. बायको तांब्या घेऊन आली, पण माझ्या हातात देईना. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग तांब्या ओट्यावर ठेवला. मी तो उचलला आणि प्यालो. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी, जरा मचूळ होतं. रस्त्याने दोन माणसं गेली. त्यांतल्या एकाने मला नमस्कार केला, पण दुसऱ्याने केला नाही.

मी फार धीराचा माणूस नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी पुढचं दार लावून घेतलं. सोमवारी सकाळी डबा आला नाही. काकू स्वतः आल्या आणि अंगणातच उभ्या राहिल्या. "माझ्याकडे आणखी चार जण जेवतात, मास्तर," त्या म्हणाल्या. "ते उठून गेले तर मी काय करू?" त्यांचंही खरं होतं. त्या रागावलेल्या दिसल्या नाहीत, घाबरलेल्या दिसल्या. त्यानंतर मी स्वयंपाक शिकलो. भात रोज खाली लागे. कुंपणापलीकडून त्याची बायको विचारी, "पाणी किती घातलंत?" मी सांगे, आणि ती कपाळाला हात लावी. गावात दोनतीन घरांची बोलावणी बंद झाली. पोस्टात येणं कुणाचं बंद झालं नाही. पत्र सगळ्यांनाच हवं असतं.

मुलींचं आठ दिवसांत जमलं. त्यांनी ते कसं जमवलं ते आम्हाला कळलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

ही बातमी कुणीतरी साताऱ्यालाही कळवली. बहिणीचं पत्र आलं: तू काय करायचं ते कर, पण मुलीला परत इकडे पाठव. मी ते पत्र मुलीला वाचून दाखवलं. एवढ्या लहान मुलीला असं विचारणं बरोबर होतं की नाही, याबद्दल मला अजून शंका आहे.

"तिकडे गेले तर वेणी आत्या घालेल ना?" तिने विचारलं.

"हो."

तिने थोडा विचार केला. "आत्याची फार घट्ट असते," ती म्हणाली आणि वाडीत पळाली. मी बहिणीला लिहिलं की मुलगी इथेच राहील. तिने वर्षभर उत्तर दिलं नाही, मग दिलं.

रेवदंड्यात आम्ही चार वर्षं काढली. नंतर माझी बदली माणगावला झाली. निघताना त्याच्या मुली रडल्या आणि माझीही रडली. आम्ही दोघं सामान मोजत होतो.

माणगावला दोन वर्षं झाल्यावर तो एकदा आला. विहिरीच्या रहाटासाठी रेडा बघायला या बाजूला आला होता, तो आमच्याकडे मुक्कामाला राहिला. माझी मुलगी बारा वर्षांची झाली होती. तिने त्याला वाकून नमस्कार केला, काकी कशी आहे, थोरलीचं लग्न ठरलं का, एवढं विचारलं आणि आत गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही. मला ओशाळल्यासारखं झालं. तो म्हणाला, "राहू द्या. माझ्या बी असंच करतात आता."

मग आम्ही दोघं ओसरीवर बसलो. आजवर आमच्या भेटीला कारण मुलींचं असे. त्या आसपास खेळत, भांडत, त्यावरून आमचं बोलणं निघे. आता ओसरीवर दोघंच होतो आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं. मी पावसापाण्याचं विचारलं. त्याने माणगावच्या बाजारातल्या भावांचं विचारलं. दोन्ही विषय लवकर संपले. तो तंबाखू मळत बसला, मी समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मास्तर, तुमचे वडील काय करत?" इतक्या वर्षांत ते त्याने मला विचारलं नव्हतं, आणि मीही त्याला नाही. मी सांगायला लागलो.