लग्नाचं कारण दाखवून काढलेला कोश

त्या वर्षी आमच्या घरात पाय पसरायला जागा नव्हती. बाबांचा कोश अर्धा छापून आला होता आणि त्याचे सुटे फर्मे, म्हणजे न शिवलेले छापील ताव, भिंतीला लावून छतापर्यंत रचले होते. बाबा आंध्रातल्या तलमडुगूकडच्या एका खेड्यात मराठी शाळेचे मास्तर. आमच्या सरहद्दीवरच्या मराठीचा, तिच्यात मुरलेल्या उर्दू-तेलुगू शब्दांसकट, मोठा कोश करायचा हे वेड त्यांना माझ्या जन्माआधीपासूनचं. गल्लीतले लोक थट्टा करायचे, "मास्तर, कापसावानी भाव चढाची वाट पाहून राह्यले का?" बाबा हसायचे. माय हसायची नाही.

अनुदानाचे अर्ज करून झाले होते. इकडच्या कचेरीनं सांगितलं, पुस्तक मराठी आहे, महाराष्ट्रात विचारा. तिकडच्यांनी सांगितलं, तुम्ही आंध्रातले, आंध्रात विचारा. मग पैनगंगेपलीकडच्या छापखानेवाल्याचा निरोप आला: उरलेले पैसे द्या, नाहीतर जुळवलेली पानं मोडून अक्षरांचे खिळे मोकळे करतो, निवडणुकीची कामं आली आहेत. त्या दिवसापासून बाबांचं जेवणात लक्ष राहिलं नाही.

राहता राहिला पी.एफ. पण तो मधेच उचलायचा तर कारण लागतं. घर बांधणं, आजारपण, नाहीतर मुलीचं लग्न. कोश हे कारण कुठल्या सरकारच्या डोक्यात यावं! बाबांनी लग्न लिहिलं. मुलगी मी एकटीच.

मी तेव्हा ट्रेनिंग संपवून शिक्षक भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. मी तडकलेच. "बाबा, मले इचारलं तरी का?"

"अवं, कागदापुरतं हाय ते."

पी.एफ.च्या कचेरीनं लग्नपत्रिका मागितली. तीही त्याच छापखान्यात छापली. नवरदेवाचं नाव छापखानेवाल्यानंच ठरवलं, कारण एका जुन्या पत्रिकेतलं ते जुळवलेलं तसंच पडून होतं, जुळणीची मजुरी वाचत होती. कोशाची प्रुफं मी वाचायची, म्हणून हेही प्रूफ माझ्याच हाती आलं. मी त्यातल्या चुका काढून दिल्या. काय करता!

पैसे मिळाले, छपाई सुरू झाली आणि आमचा जीव टांगणीला लागला. दारात सायकलची घंटी वाजली की माय दाराआड जाई. कोणी कचेरीत बोललं तर बाबांची नोकरी जाणार, पेन्शन जाणार, आणि माझी बदनामी होणार ती वेगळीच. मावशीला कुठून तरी कुणकुण लागली. लग्न ठरलं अन् आमाले सांगतलं नाही, म्हणून तिनं बोलणं टाकलं. तिला खरं सांगायचीही सोय नव्हती.

पत्रिकेवरची तारीख एकदा टळली की सुटलो, असं मी मनाशी धरलं होतं. नेमके त्याच दिवशी उरलेले फर्मे घरी आले होते. बाइंडरची मजुरी परवडणारी नव्हती, म्हणून गल्लीतल्या बाया अंगणात बसून घड्या घालून राहिल्या होत्या. दुपारी एक जोडपं आलं. बाबांची फाईल मंजूर करणारा तो कचेरीतला बाबू आणि त्याची बायको, हातात आहेराचा स्टीलचा डबा. अंगणातल्या एवढ्या बाया पाहून त्यांना वाटलं, आलो बरोबर घरी. त्याच्या बायकोनं हसत विचारलं, "दुल्हन किधर है?"

"नवरी? कोनाची?" शेजारीण म्हणाली.

बाबा बाहेर आले. खोटं लिहिणं त्यांना जमलं होतं, बोलणं जमेना. "शादी नहीं है, सार," ते म्हणाले आणि फर्म्यांकडे हात केला. "पैसा इसमें लगा."

मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. तो ओट्यावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. "उस कागज पे मेरी भी दस्तखत है, मास्टर. तुम जाओगे तो मैं भी जाऊँगा." पैसे परत भरा म्हणाला. ते कुठून भरणार? त्यानं पाण्याचा तांब्या संपवला. शेवटी म्हणाला, "साल के अंदर लड़की की शादी कर दो. तारीख आगे गई, बोल के मैं लिख देता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी एकदा नाही म्हणावं, एवढंच मला हवं होतं. म्हणाले असते तर मी आपण होऊन तयार झाले असते. ते खाली बसले, एक फर्मा ओढला आणि घडी घालू लागले.

नवा कापूस घरात यायच्या आत बुद्धविहारात माझं लग्न लागलं. नवरा बरा निघाला, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. परीक्षा मात्र राहिली ती राहिलीच.

कोश निघाला. लांबलांबच्या प्राध्यापकांची पत्रं आली. प्रस्तावनेत बाबांनी छापखानेवाल्याचे आभार मानले, घड्या घालणाऱ्या बायांचे मानले, बाबूचेही 'एक स्नेही' म्हणून मानले. माझा उल्लेख नव्हता. माहेरी गेले तेव्हा विचारलं, "बाबा, त्यात मी काऊन नाही?"

"तुहं नाव घातलं असतं तं लोकायनं इचारलं असतं ना पोरी, पोरीचे आभार कायचे."

मला ते पटलं. भीती मीही पाहिली होती.

पुढं एका संस्थेनं स्वतःच्या खर्चानं दुसरी आवृत्ती काढली. तोवर बाबा रिटायर झाले होते, बाबू रिटायर झाला होता, विचारणारं कोणी उरलं नव्हतं. संस्थेनं बाबांना कळवलं, प्रस्तावनेत काही वाढवायचं असेल तर वाढवा. बाबांनी उत्तर पाठवलं, आहे तशीच छापा.