काळं केळं

सातवीत शाळा सोडलेली मी नांदेडहून वसईत आले, तेव्हा तिथल्या सांडोर गावच्या बालवाडीत मदतनिसाचं काम मला तिथे शिकवणाऱ्या बाईंनीच लावून दिलं. त्यांचे उपकार कसे विसरू? बाई तेव्हा बालशिक्षणाचा पदव्युत्तर कोर्स करत होत्या. मुलांना उत्तर द्यायचं नाही, त्यांनीच शोधायचं, अशी त्यांची पद्धत. त्यासाठी शेजारच्या केळीच्या वाडीतलं एक केळं आठवडाभर ताटलीत ठेवलं होतं, मुलं रोज त्याचं चित्र काढायची. तो आठवडा मी रजेवर होते, मला हे कुठलं ठाऊक! परत आले त्याच दिवशी कोर्सच्या मॅडम बाईंचा पाठ बघायला येणार म्हणून मी टेबल लख्ख पुसलं आणि ते काळं केळं कचऱ्याच्या बादलीत टाकलं.

"बाई, केळं गेलं!" मॅडमसमोरच मुलं ओरडली.

बाईंचा चेहरा उतरला. तरी त्या म्हणाल्या, "कुठे गेलं असेल?"

मुलं टेबलाखालून जाणाऱ्या मुंग्यांच्या रांगेमागे निघाली आणि थेट माझ्या पायांशी आली. मागे बादली, त्यामागे भिंत.

"मावशी, तू टाकलंस? का गं?"

"सडलं होतं, बाळा."

"सडलं म्हणजे काय झालं?"

मी बाईंकडे पाहिलं. उत्तर द्यायचं नाही, ही तर त्यांचीच पद्धत. मॅडमचं पेन थांबलं होतं. घाम पुसत मी बाजूला सरले, बादलीचं झाकण उचललं.

"या, बघा."