हेडमास्तरांचा दुसरा गिअर

नऊ मार्च, सोमवार. बिलाची रक्कम अठ्ठेचाळीस हजार सहाशे चाळीस. एकतीस वर्षांत हेडमास्तरांच्या वर्कशॉपमधून असं एकही बिल बाहेर पडलं नव्हतं, की ज्याच्या तळाशी त्यांची सही नाही. या बिलावर सही होती त्यांच्या लेकीची.

हेडमास्तर कुठल्याही शाळेचे नव्हते. शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनाचा वरचा भाग, ज्याला धंद्यात नुसतं हेड म्हणतात, तो दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून हे नाव पडलं. एकदा एक बाई मुलाला घेऊन दारात आल्या आणि प्रवेश अर्ज मागू लागल्या. मास्तरांनी मुलाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "ठेवून जा, गुरुवारी मिळेल." बाई पुन्हा त्या रस्त्यानं गेल्या नाहीत.

त्यांचं म्हणणं असं, की हेड बिघडल्यावर नीट करण्यात काही मोठेपणा नाही. ते बिघडू न देणं ही खरी कारागिरी. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या श्वासाची दारं. दार मिनिटाला हजारो वेळा उघडतं आणि मिटतं. ते वेळेत मिटलं नाही, तर खालून वर येणारा पिस्टन त्याच्यावर डोकं आपटतो. म्हणून प्रत्येक दार आपल्या चौकटीत बिनफटीचं बसलं पाहिजे, त्याची स्प्रिंग दमलेली नको, इंजिन गार असताना पळवायचं नाही, आणि तापलेलं एकदम बंद करायचं नाही. हे सगळं त्यांनी पाटीवर लिहून भिंतीला लावलं होतं. शेवटची ओळ लाल रंगात होती : "गिअर टाकताना लक्ष गिअरवर."

हे नियम वर्कशॉपपुरते राहिले असते तर घरच्यांची तक्रार नव्हती. पण वर्कशॉपच्या मागच्या दारातून दोन पावलांवर स्वयंपाकघर होतं. बायकोनं तापलेला कुकर गार पाण्याच्या नळाखाली धरला, की मास्तर कळवळून उठत. "अगं, वाकेल तो." ती म्हणे, "तेवीस वर्षं वाकला नाही. तुम्हीच वाकत चाललाय." सकाळी जाग आल्यावर ते पलंगाच्या कडेला तीन मिनिटं नुसते बसून राहत. तेल वर चढू द्यावं, असं त्याचं कारण होतं. पंख्याचे स्क्रू आवळायचे झाले तरी समोरासमोरचे, आळीपाळीनं, तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत कुणी हाक मारली, की सगळे सैल करून पुन्हा पहिल्यापासून. एका उन्हाळ्यात पंखा सुरू व्हायला दुपार झाली, कारण त्या दिवशी घरी पाहुणे होते आणि सगळेच बोलके होते.

लेक या सगळ्यात वाढली. आठ वर्षांची असताना ती व्हॉल्व्हला काडी लावून, काडी दोन तळव्यांत घुसळत तो चौकटीत घासायला शिकली आणि चोविसाव्या वर्षी तिनं सांगितलं, "बाबा, आता एक हेड पूर्ण माझं. तुम्ही हात लावायचा नाही. टिकलं तर हे वर्कशॉप मी चालवीन. नाही टिकलं तर आत्याच्या ऑफिसात जाईन."

आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. तिचं विम्याचं ऑफिस होतं आणि तिथं भाचीसाठी एक खुर्ची वर्षभर रिकामी ठेवलेली होती. "गोल फिरणारी आहे," असं ती दर फोनला सांगे.

मास्तर वरवर म्हणाले, "बघ बाई, तुझं तू ठरव." मनातून त्यांना दुसरं काहीही नको होतं. वर्कशॉप विकून आलेल्या पैशांवर व्याज खात बसण्याची कल्पना त्यांना आजारपणासारखी वाटे.

पहिलं हेड आलं ते दातांच्या डॉक्टरांचं. हा माणूस आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघे आणि रविवारी घाटातल्या शर्यतीत गाडी चालवे. लेकीनं तीन आठवडे घेतले. सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह घासले, निळा रंग लावून बसण्याची रेघ तपासली, प्रत्येक स्प्रिंगचा दाब वजनकाट्यावर घेतला. हेडचा तळ किंचित वाकला होता, म्हणून मशीनवर त्याचा एक केसभर पापुद्रा काढला. पोकळीत रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं, सकाळी एक थेंब गळाला नव्हता. मास्तर खिशात हात घालून बाजूला उभे असत. खिशातल्या खिशात मुठी आवळत, पण हात बाहेर काढत नसत.

एकच काम त्यांनी मागून घेतलं. "चालवून मी बघतो. तेवढं तरी."

आठ तारखेला, रविवारी सकाळी, गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी नेली. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं हळू चालवून तापवली. मग तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू दाबत मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत आणली. इंजिन असं गात होतं, की एकतीस वर्षांत त्यांच्या हातून असं एकही सुटलं नव्हतं. त्यांना ते एका क्षणात कळलं. पोरगी आपल्यापेक्षा पुढं गेली. त्यांचे डोळे भरून आले, समोरचा रस्ता पाणावला, आणि चौथा गिअर टाकायला खाली ओढलेला हात जरासा कलला.

दुसरा पडला.

गाडीनं जागच्या जागी मान खाली घातली. मास्तरांचा चष्मा समोरच्या काचेवर जाऊन आपटला. चष्म्याशिवायही त्यांना फेऱ्यांचा काटा दिसला, कारण तो जिथं असायला नको तिथं होता. त्यांनी क्लच दाबला. मध्ये गेला असेल अर्धा सेकंद.

ते रस्त्याच्या कडेला थांबले. फेऱ्यांच्या त्या घड्याळात दोन काटे होते. एक चालता, आणि दुसरा बारीक लाल, साक्षीचा. इंजिन जास्तीत जास्त जिथवर गेलं तिथं तो साक्षीचा काटा जाऊन थांबतो आणि बटण दाबून खाली आणेपर्यंत तिथंच उभा राहतो. तो आता नऊ हजार चारशेवर उभा होता. या इंजिनाची मर्यादा सात हजार आठशे. मास्तरांनी मनात हिशेब केला. अर्ध्या सेकंदात एक व्हॉल्व्ह एकोणचाळीस वेळा उघडतो. सोळा व्हॉल्व्ह. सहाशेच्या वर वेळा दारं उघडली, आणि त्यांतली किती वेळेत मिटली हे त्या दारांनाच ठाऊक.

मग त्यांनी बटण दाबलं. काटा शून्यावर आला.

परत आल्यावर लेकीनं विचारलं, "कशी आहे?"

"झकास," मास्तर म्हणाले.

"उभी असताना जरा लंगडतेय का हो?"

"नवीन काम आहे, बसेल जागेवर." हे वाक्य बोलणाऱ्या दोन मेकॅनिकना त्यांनी पूर्वी कामावरून काढलं होतं.

बायकोनं चष्म्याच्या मोडलेल्या काडीबद्दल विचारलं. ते म्हणाले, दार लागलं. तिनं घरातल्या दारांकडे एक नजर टाकली.

सोमवारी डॉक्टर लेकीच्या सहीचं बिल भरून गाडी घेऊन गेले, गुरुवारी परत आले. "मास्तर, कण्हतेय हो ती. पण मी म्हटलं, दात काढल्यावरही तीन दिवस ठणकतंच."

लेकीनं दाब मोजला. चारही सिलिंडरमध्ये कमी. तिनं पुन्हा मोजला. तिचा चेहरा उतरलेला पाहून मास्तरांनी एकामागून एक कारणं काढायला सुरुवात केली. पेट्रोल भेसळीचं असेल. प्लग खराब असतील. दाब मोजायचं यंत्रच जुनं झालंय.

"बाबा, यंत्र गेल्या महिन्यात घेतलंय. तुम्हीच आणलंत."

"मग नवीन आहे, बसेल जागेवर," मास्तर म्हणाले आणि प्लग पुसायला लागले.

शुक्रवारी दुपारी तिनं हेड उतरवलं. डॉक्टर दवाखान्यातून तसेच आले होते, मास्क हनुवटीखाली. बायकोही दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चारही पिस्टनच्या माथ्यावर दोन-दोन चकचकीत चंद्रकोरी उमटल्या होत्या. आठच्या आठ एकसारख्या.

लेकीनं एकेका कोरीवरून बोट फिरवलं. मग तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "हे बसवण्यातलं नाही. बसवण्यात चुकलं तर एखादा वाकतो. इथं हवा आत घेणारे आठही पिस्टनला टेकलेत. डॉक्टर, राग मानू नका, तुम्ही चौथा टाकायला जाऊन दुसरा टाकलात का?"

"मी?" डॉक्टर म्हणाले. "अहो, त्याला वरून लगाम आहे ना? सात हजार आठशेला आपोआप थांबतं."

"ते पेट्रोल थांबवतं. चाकांना कोण थांबवणार? गाडी जोरात असताना खालचा गिअर पडला, की चाकं इंजिनाला ओढत नेतात. तिथं कुठल्याही लगामाचं काही चालत नाही."

डॉक्टर विचारात पडले. "परवा सिग्नलला काहीतरी कर्र झालं होतं खरं. माझंच असेल. बायको म्हणते, माझं लक्ष नसतं." त्यांनी खिशातून पाकीटसुद्धा काढलं.

मास्तरांनी श्वास सोडला. क्षणभर त्यांना वाटलं, निभावलं. डॉक्टर सुखवस्तू आहेत, वर्षाला एक हेड त्यांना जड नाही. या विचाराची लाज वाटायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात लेक गाडीत डोकावून आली होती.

"साक्षीचा काटा चार हजार शंभरवर आहे," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "डॉक्टर, पाकीट ठेवा आत. तुम्ही काही केलेलं नाही."

"मग?"

"मग मी केलंय. हेडचा पापुद्रा मी काढला. जास्त निघाला असणार. हेड खाली आलं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आले. म्हणून आठही सारखे टेकले."

"तू तीनदा मोजलं होतंस," मास्तर म्हणाले.

"तिन्हीदा चुकीचं मोजलं. काटा खोटं बोलतो का? तुम्हीच सांगता, माणूस विसरतो, काटा विसरत नाही."

तिनं ॲप्रन काढला, घडी घातली, बाकावर ठेवला आणि फोन लावला. "आत्या, सोमवारपासून येते. हो. हो, फिरणारी आहे, माहितीये."

तिनं फोन ठेवला. बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी गार इंजिन सुरू केल्या केल्या भरधाव नेलं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांनी त्याला काही म्हटलं नाही. ते घडी घातलेल्या ॲप्रनकडे बघत होते.

"काटा मी खाली आणला," ते म्हणाले.

"कुठला काटा?"

"साक्षीचा. बटण दाबून."

लेक वळली. "केव्हा?"

"रविवारी."

"कशावर होता?"

मास्तरांनी पाटीवरच्या लाल ओळीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नऊ हजार."

"नुसते नऊ हजार?"

"चारशे."

डॉक्टरांनी मास्क काढून खिशात ठेवला. "मास्तर, तोंड उघडायला पाच दिवस लावणारा पेशंट माझ्याकडेसुद्धा आला नाही."

"अच्छा, म्हणजे ते दार होतं का," बायको म्हणाली. "चष्म्याला लागलं ते."

लेक हसली नाही. "पाच दिवस, बाबा. काल रात्री मी तो पापुद्रा कागदावर वीस वेळा मांडला. तुम्ही शेजारी बसून केळं खात होतात."

"घशाखाली उतरत नव्हतं."

"दोन खाल्लीत."

मास्तर म्हणाले, "इंजिन फार छान वाजत होतं गं. माझं कधी तसं वाजलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि हात गेला. तुझं काम सोन्यासारखं होतं. माझ्या हातानं वाकलं. मग वाटलं, हे कळलं तर तू म्हणशील, पाटी लिहिणारा हाच का. स्वतःचं नाव राखायला गेलो, आणि तुझं घालवत होतो."

तिनं जाडी मोजायचा व्हर्निअर काढला आणि हेडची जाडी मास्तरांसमोर, डॉक्टरांसमोर आणि आईसमोर चौथ्यांदा मोजली. बरोबर होती. केसाइतकाही फरक नव्हता.

तिनं ॲप्रनची घडी मोडली. फोन पुन्हा लावला. "आत्या, खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दे. नाही, बाबांना नको. बाबांना फिरणारं काहीही द्यायचं नाही."

डॉक्टर अर्धा खर्च उचलायला तयार होते. माणूस कबूल झाला, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. लेकीनं त्यांच्याकडून एक पैसा घेतला नाही. नवे आठ व्हॉल्व्ह, गॅस्केट, बोल्ट आणि स्वतःची दुसऱ्यांदाची मजुरी असं बिल तिनं त्याच संध्याकाळी केलं आणि वर नाव घातलं वडिलांचं. मजुरी कशाला, असं मास्तरांनी विचारून पाहिलं. ती म्हणाली, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी मजुरी सोडायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

आता गाडी चालवून बघायला ती स्वतः जाते. मास्तर शेजारी बसतात, दोन्ही हात मांडीवर ठेवून. एप्रिलमधल्या घाटाच्या शर्यतीत डॉक्टर एकोणीस जणांत सतरावे आले. इंजिनात तसूभर खोट नव्हती. डॉक्टर वळणावर फार सभ्यपणे वागतात, एवढंच.

मास्तरांच्या नावचं बिल तेरा हजार दोनशे वीस झालं होतं. मास्तर दरमहा दोन हजार देतात. सहा हप्ते भरले आहेत. एक हजार दोनशे वीस बाकी आहेत.