भोंगाकाकांचे कान

इंजिन पसंत करायची वेळ आली की भोंगाकाका त्याच्याकडे पाठ करून बसत. दिवाणखान्यात मोठ्या टेबलावर रूळ मांडलेले, त्यावर खऱ्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती असलेलं नवंकोरं डिझेल इंजिन उभं, आणि काका खिडकीबाहेर बघत. "रंग बघून घ्यायचं असेल तर साडी घ्या," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले.

कर्वेनगरात आमच्या सोसायटीत ते खालच्या मजल्यावर राहायचे. विमा कचेरीतून निवृत्त झालेले. लहानपण खडकीला, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. स्टेशन इतकं जवळ की इंजिनाच्या आवाजावरून मालगाडी भरलेली की रिकामी हे घरात बसून कळे, असं ते सांगत. आता त्या मार्गावर बहुतेक गाड्या विजेच्या. डिझेलचा तो धडधडाट त्यांनी टेबलावर आणून ठेवला होता. सोसायटीतल्या मुलांनी त्यांना भोंगाकाका केलं ते त्यामुळेच.

मला हा नाद त्यांच्यामुळे लागला. आवाज काढणारं डिझेल इंजिन घ्यायचं तर काय ऐकायचं हे त्यांनीच शिकवलं. इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची बोटाएवढी पट्टी असते. तिच्यात खऱ्या इंजिनाचे आवाज भरलेले असतात आणि वेगाबरोबर ते बदलत जातात. नवखा माणूस आधी भोंगा वाजवून बघतो. काका म्हणत, "भोंगा पाहुण्यांसाठी. आपल्याला त्याच्याबरोबर राहायचंय. ते उभं असताना कसं गुरगुरतं ते ऐका." दुकानदार पसंतीसाठी इंजिनं घरी पाठवायचा. माझी पहिली दोन काकांनी परत धाडली. एकाला म्हणाले, "हे इंजिन आहे की मिक्सर?" दुसरं रुळावर जरा धूळ आली की रुळातून येणारी वीज तुटून मधेच गप्प व्हायचं. "बोलता बोलता विसरणारा माणूस एक मी आहे घरात, दुसरा नको."

तिसरं मला स्वतःला फार आवडलं होतं. संथ निघालं, आवाज पायरीपायरीने चढत गेला. मी ब्रेक लावला. काकांनी मान हलवली. "ब्रेक मुके आहेत. परत करा."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "मुके कसले? केवढे किंचाळतायत! दात आंबले माझे."

काकांनी पुन्हा चालवायला सांगितलं. मग आणखी एकदा. या वेळी ते वळून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग घ्या. इंजिन चांगलंय. बिघाड माझ्यात आहे."

त्यानंतर टेबलावर चादर पडली. काकूंनी त्यांना कानांच्या डॉक्टरांकडे नेलं. बारीक, उंच आवाज गेले होते. जाड आवाज अजून शाबूत होते. यंत्र मिळालं, पण काका म्हणत, "बोलणं समजतं. इंजिन मात्र पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखं वाटतं." मी खाली गेलो की ते क्रिकेटवर बोलत. रुळांचा विषय मी काढत नसे, तेही काढत नसत.

चादर शेवटी काकूंनीच काढली. मी तिथेच होतो. त्यांनी काकांचं एक जुनं इंजिन सुरू केलं, वेग वाढवत नेला आणि म्हणाल्या, "हे बघा, इथे. दर वेळी याचा आवाज इथेच अडखळतो. मला कधीपासून सांगायचं होतं."

काकांनी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"इतकी वर्षं काय कानात बोळे घालून पोळ्या लाटल्या मी?"

काका हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे. मग त्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि इंजिनाच्या टपावर तळहात टेकला. जाड थरथर हाताला कळत होती. बारीक आवाज काकू सांगत होत्या. पुढची सगळी इंजिनं दोघांनी मिळून अशीच निवडली, आणि प्रत्येकावर भांडण झालं. काकूंना फार कर्कश भोंगा चालत नसे. काका म्हणत, "अहो बाई, ती मालगाडी आहे, देवघरातली घंटा नव्हे." तरी इंजिन परत जायचं.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

काही आठवड्यांनी मार्केट यार्डातले एक व्यापारी, तेही याच नादाचे, पसंतीसाठी आणलेलं नवं डिझेल काकांना ऐकवायला घेऊन आले. काका गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. दारातच ते कळल्यावर ओशाळले, परत निघाले. काकूंनी त्यांना आत बोलावलं, मला हाक मारली आणि इंजिन रुळावर ठेवायला लावलं. टेबलावरच्या रुळांच्या चढावर त्यांनी ते तीनदा चालवून घेतलं. हात टपावर ठेवला, काढला.

"भोंगा छान आहे. पण चढाला लागलं तरी याला दम लागत नाही, सपाटीवरचाच आवाज. नका घेऊ."

व्यापारी जरा घुटमळले. "काकांचंही हेच मत पडलं असतं ना?"

"छे! त्यांचं दुसरंच काहीतरी असतं," काकूंनी इंजिन पुसून खोक्यात ठेवलं. "पण शेवटी शेवटी ऐकायचे हो माझं."