गुडघ्याच्या मध्यावर

"ताई, दादा गेला," मिलिंदच्या धाकट्या भावाचा, प्रशांतचा, नागपूरहून फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या बिशान स्टेशनवर उभी होते; हॉस्पिटलने आधी घरी कळवलं होतं. टेबलाच्या कडेवर डोकं आपटल्यापासून मिलिंद शुद्धीवर आलाच नव्हता...

मिलिंद माझा लॅबमधला मित्र. ग्लासगोहून पीएच.डी. करून आला तो लोकरीचे दोन किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे चुण्यांचे आखूड घागरे, घेऊनच. सिंगापूरच्या उकाड्यात दर रविवारी किल्ट घालून लिटिल इंडियात भाजी आणायला जायचा. नियम मात्र काटेकोर पाळायचा. बसताना मागच्या चुण्या सारख्या करायच्या, गुडघे जुळवून बसायचं, मोज्यात खोचायचा छोटा सुरा या देशात घरीच ठेवायचा आणि काठ बरोब्बर गुडघ्याच्या मध्यावर हवा. "एवढं मोजून मी साडीही नेसत नाही," मी चिडवायचे. एकदा तो हसला नाही. म्हणाला, "माझे पणजोबा गुडघ्याखाली धोतर नेसले, म्हणून गावाने त्यांना चाबकाने फोडून काढलं होतं. माझा काठ कुठे असावा ते मी ठरवणार."

त्या रविवारी टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, आम्ही जेवत होतो. शेजारी चौघं बिअर पीत होते. "इनसाइड गॉट व्हॉट, लाह?" आत काय घातलंयस, असं एकाने विचारलं. असं विचारत नाहीत, एवढंच मिलिंदने त्याला शांतपणे सांगितलं. तो ताट ठेवायला उठला, तर त्या माणसाने मागून किल्ट वर उचलला. मिलिंदने वळून ठोसा मारला. नाक फुटलं, रक्त उडालं आणि बाकीचे तिघं त्याच्यावर तुटून पडले. मी एकाच्या तोंडावर उकळतं सूप फेकलं, दुसऱ्याच्या डोक्यात ट्रे घातला. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. तेवढ्यात कुणीतरी मिलिंदला ढकललं...

त्याने हात उचलायला नको होता, असं सांगणारे आता भेटतात. त्यांचे कपडे भर बाजारात कुणी उचललेले नसतात.

अंत्यविधीसाठी प्रशांत नागपूरहून पांढरा कुर्ता-पायजमा घेऊन आला. मी मिलिंदच्या कपाटातला दुसरा किल्ट पुढे केला. तो म्हणाला, "ताई, आई व्हिडिओवर बघणार आहे. गावही बघणार."

"मग बघू दे की गावाला."

त्याने कुर्ता घडी करून पिशवीत ठेवला. मग त्यानेच भावाला किल्ट नेसवला, चुण्या सारख्या केल्या आणि काठ धरून विचारलं, "कुठपर्यंत?" मी सांगितलं.

तो सुरा आता माझ्या स्वयंपाकघराच्या खणात आहे. त्या रविवारीही मिलिंदने तो नियमाप्रमाणे घरीच ठेवला होता. रविवार आला की मी तो काढते, धारेवरून अंगठा फिरवते आणि परत आत ठेवते.