पोट न उघडता : आमच्या उज्ज्वलाताई

डॉ. उज्ज्वला ठोसर यांची आणि माझी पहिली ओळख फोनवर झाली, आणि ती फारशी गोड नव्हती. मी शल्यचिकित्सक म्हणून रोह्यात नुकताच स्थिरावत होतो. कोलाडजवळच्या एका शेतकऱ्याला ताप होता, उजव्या बरगडीखाली दुखत होते, म्हणून त्यांना सोनोग्राफीसाठी पेणला पाठवले होते. दुपारी फोन वाजला.

"डॉक्टर, यकृतात पू आहे. पण मला सांगा, तुम्ही यांच्या पोटाला हात लावून पाहिलंत ना? मी नुसतं बोट टेकवलं तर कळवळले बिचारे."

मी पाहिले होते, तसे सांगितले.

"मग ठीक. हल्ली काही जण आमच्या यंत्राच्या भरवशावर हात खिशातच ठेवतात. आता असं करा, इकडे या. मी सुईने पू काढणार आहे, तुम्ही शेजारी उभं राहून बघा."

मी गेलो. करड्या पडद्यावर सुईची पांढरी रेघ हळूहळू सरकत पुवाच्या काळ्या गोळ्यात शिरली. संध्याकाळी तो माणूस चहा मागत होता. त्या दिवसापासून मी त्यांना ताई म्हणू लागलो आणि आजवर त्यांच्याकडून शिकतो आहे. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहायला सांगितले, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे असे वाटले. लिहायला बसलो तेव्हा मात्र डोळ्यांसमोर एकच हकिगत पुन्हा पुन्हा येत राहिली.

ती सांगण्याआधी थोडे ताईंविषयी. त्या मूळच्या पेणच्याच. वडिलांचे बाजारात भांड्यांचे दुकान होते. क्ष-किरणशास्त्राचे शिक्षण मुंबईत झाले, तिथेच मोठ्या रुग्णालयात नोकरीही होती. ती सोडून परत का आलात, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "मुंबईत एक मी कमी झाले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथून मुंबईला नेताना मात्र माणसं वाटेत जातात." एवढेच बोलून त्या पुढच्या रुग्णाकडे वळल्या.

त्यांच्या सोनोग्राफीच्या खोलीत एका भांड्यात कोमट पाणी असते आणि त्यात जेलची बाटली उभी असते. तापाने कुडकुडणाऱ्या माणसाच्या पोटावर गार जेल पडू नये, म्हणून. बाईमाणूस असेल तर अंगावर चादर नीट ओढल्याशिवाय त्या दिवा लावत नाहीत. खाडीकडच्या आजीबाई आल्या तर ताईंची भाषा आपोआप बदलते. "काय गो आये, कवाधरनं दुकतंय?" असे विचारले की निम्मे दुखणे तिथेच बोलते होते.

सुईने पू काढण्यात त्यांचा हातखंडा, पण त्यांनी सुईचा हट्ट कधी धरला नाही. मिठागरात काम करणारे एक गृहस्थ पोट ताठ झालेल्या अवस्थेत आले होते. आतड्याला भोक पडले होते. बरोबरचे नातेवाईक गयावया करत होते, "बाई, तुमी सुईनंच करा, कापू नका." ताईंनी त्यांच्यासमोरच मला सांगितले, "यांना सुई नको, यांना तुमचा चाकूच हवा, आणि आत्ता हवा." मग स्वतः शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत त्या रुग्णाच्या स्ट्रेचरबरोबर चालत आल्या. सुई घालता येते म्हणून घालायची नसते, हे त्यांचे वाक्य आमच्या भागातल्या सगळ्याच तरुण डॉक्टरांनी ऐकलेले आहे.

आता प्रणालीची गोष्ट.

प्रणाली रोह्याजवळच्या खांब गावची. वडील कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, घरची थोडी भातशेती, आई सुनंदाबाई ती सांभाळतात. मुलगी रोह्याच्या महाविद्यालयात शिकत होती आणि कबड्डी खेळत होती. चढाईला जाणारी. जिल्ह्याच्या संघात तिची नुकतीच निवड झाली होती. पोटात दुखायला लागले तेव्हा पाळीचे दुखणे समजून तिने गोळ्या घेतल्या आणि सराव चालू ठेवला. मधे एकदा दुखणे अचानक कमी झाले, म्हणून घरच्यांनाही बरे वाटले. प्रत्यक्षात तेव्हा तिचे अपेंडिक्स फुटले होते. आतला पू ओघळत ओघळत ओटीपोटाच्या तळाशी, गर्भाशयाच्या मागे जाऊन साचला.

माझ्याकडे आणले तेव्हा ती अंगणातून दवाखान्यात वाकून चालत आली. खुर्ची पुढे केली तर बसेना.

"बसवतच नाय तिला," सुनंदाबाई म्हणाल्या. "उबी ऱ्हाते नायतर आडवी पडते. ताप उतरत नाय, आनि सारकी संडासला पळते. व्हतं काय, तर नुसती आव."

ही सगळी लक्षणे एकाच जागेकडे बोट दाखवत होती. तपासणीत आणि सोनोग्राफीत तेच निघाले. ओटीपोटाच्या तळाशी पुवाची मोठी पिशवी तयार झाली होती, आणि आतडी तिला चिकटून बसली होती. सलाईन आणि प्रतिजैविके लगेच सुरू केली. पण साचलेला पू नुसत्या औषधाने जात नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. पोट उघडावे, तर अशा चिकटलेल्या आतड्यांना हात लावताच ती फाटण्याची भीती. तसे झाले तर पोटावर पिशवी लावून शौचाची सोय करावी लागते. बाजूलाच बीजनलिका, त्यांनाही इजा होऊ शकते. लग्न व्हायची पोर. आणि तसाच पू ठेवला, तर विष रक्तात उतरून जीवच जाईल. नाडी धावत होती. थांबायला फार वेळ नव्हता.

मी ताईंना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "घेऊन या. तोंडाने काही देऊ नका. रक्त गोठण्याची तपासणी तेवढी करून आणा."

रोह्याहून पेणपर्यंत मी रुग्णवाहिकेत तिच्याजवळ बसलो. नागोठणे मागे पडले, गडब आले. प्रत्येक खड्ड्याला ती आईचा हात आवळत होती. सुनंदाबाई तिच्या कपाळावर ओला रुमाल फिरवत म्हणत होत्या, "आलं गो पेन, आलंच बग."

ताईंनी सीटी स्कॅन केले. चित्रे पुन्हा पुन्हा मागेपुढे करत त्यांनी एकेक वाट तपासली. पुढून जावे तर वाटेत आतड्याची वेटोळी आणि मूत्राशय. योनिमार्गाने जाता आले असते, पण अविवाहित मुलीच्या बाबतीत तो विचार त्यांनी बाजूला ठेवला. राहिला मागचा रस्ता. रुग्णाला पालथे झोपवायचे, कुल्ल्याच्या स्नायूतून, माकडहाडाच्या कडेने सुई आत न्यायची. तिथे अडचण एकच. पायात उतरणारी शरीरातली सर्वात जाड नस हाडांमधल्या त्याच फटीतून बाहेर पडते.

प्रणालीच्या वडिलांना आणि आईला समोर बसवून ताईंनी हे सगळे कागदावर रेघा ओढून समजावले. काही लपवले नाही. वडिलांच्या अंगावर कंपनीचा गणवेश तसाच होता, शिफ्टवरून सरळ आले होते. शेवटी सुनंदाबाईच म्हणाल्या, "बाई, तुमची लेक असती तर काय केलं असतं?"

"हेच केलं असतं," ताई म्हणाल्या. "आणि हात थरथरला असता. तुमच्या लेकीला करताना थरथरणार नाही."

आत मशीनच्या टेबलावर पालथ्या पडलेल्या प्रणालीने मान वळवून विचारले, "मॅडम, पाय जाईल का माझा?"

ताई खाली वाकल्या, तिच्या डोळ्यांना डोळे भिडवून म्हणाल्या, "चढाईला जाताना पहिला पाय कुठला टाकतेस?"

"उजवा."

"दोन्ही बाजूंनी वाट दिसतेय मला. मग आपण डावीकडून जाऊ. नस कुठे आहे ते मला माहीत आहे, मी तिच्यापासून लांब, हाडाला धरून जाणार. तरी पाय झिणझिणला, वीज गेल्यासारखं वाटलं, तर त्याच क्षणी ओरडायचं. तिथे शूरपणा करायचा नाही, कळलं?"

भूल फक्त त्या जागेपुरती दिली होती, मुलगी पूर्ण जागी होती. ताई सुई थोडी पुढे नेत, आम्ही बाहेर येऊन स्कॅन बघत असू, पुन्हा आत जात असू. पुवाच्या पिशवीपासून सुई अगदी जवळ पोहोचली होती, तेवढ्यात प्रणाली ओरडली.

"मॅडम! पोटरीत गेलं!"

ताईंचा हात जागच्या जागी थांबला. इतक्या जवळ आल्यावर थोडे आणखी रेटावे असा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी सुई पूर्ण मागे घेतली. "शाब्बास, बरं झालं सांगितलंस," एवढेच म्हणाल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. जागा किंचित बदलली, आणखी हाडाकडे सरकल्या. पुन्हा स्कॅन, पुन्हा थोडे पुढे. मग सिरिंजमध्ये पिवळट, दाट पू उतरला आणि त्याचा घाणेरडा वास खोलीभर पसरला. आयुष्यात कुठल्या दुर्गंधीने मला इतके हायसे वाटल्याचे आठवत नाही. ताईंनी सुईतून एक लवचीक तार आत सोडली आणि तिच्यावरून बारीक नळी आत सरकवली. टोकाला शेपटीसारखी वळणारी ही नळी आत जागेवर अडकून राहते आणि बाहेरच्या पिशवीत पू झिरपत राहतो.

"आता डाव्या पायाचा अंगठा हलव," ताई म्हणाल्या. तो हलला. "पाऊल वर उचल." तेही उचलले. मी दार उघडले तर सुनंदाबाई दाराला लागूनच उभ्या होत्या.

"हलवला का हो पाय तिनं?"

"हलवला," मी म्हणालो. त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या.

तरी ताप लगेच हटला नाही. मधे उतरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला. पिशवीत काही येईना. मला राहवेना. मी ताईंना म्हणालो, "आता उघडूया का?"

"नाडी बघा, स्थिर आहे. पोट मऊ आहे. मला वाटतं नळी बुजली आहे. ती धुऊन बघते. नाडी वाढली तर उघडा असं मीच म्हणेन." त्यांनी सिरिंजने खारे पाणी हळूच आत सोडले, हळूच ओढले. घट्ट पुवाचा गोळा बाहेर आला आणि नळी पुन्हा वाहू लागली. दुसऱ्या सकाळी मी रोह्याहून पेणला पोहोचलो तेव्हा प्रणाली खाटेवर बसली होती. बसली होती, हेच मी आधी पाहिले. समोर पेज होती आणि ती आईशी लोणच्यावरून भांडत होती. ताई दारात उभ्या राहून ते भांडण ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची थकलेली, निवांत मुद्रा मी तेव्हा प्रथमच पाहिली.

नळी निघाली, प्रणाली घरी गेली. पुढे सूज पूर्ण ओसरल्यावर मी दुर्बिणीतून तिचे अपेंडिक्स काढले. त्या वर्षीचे जिल्ह्याचे सामने तिच्या हातून गेले. त्याचे तिला वाईट वाटले, आम्हालाही वाटले. त्यानंतरच्या हंगामात ती पुन्हा मैदानात उतरली. खांबला सामना होता तेव्हा ताई आल्या होत्या. तिची पकड झाली तसा ताईंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला, आणि शेजारच्या बायका त्यांना धीर देत होत्या. सुया घालताना न डगमगणाऱ्या या बाई कबड्डी पाहू शकत नाहीत, हे या निमित्ताने जाहीर करतो.

ताईंकडून शिकून गेलेले डॉक्टर आज आजूबाजूच्या तालुक्यांत हेच काम करत आहेत. ओटीपोटात पू झाला म्हणून सरसकट पोट उघडायचे किंवा मुंबईचा रस्ता धरायचा, ही वेळ आमच्या भागात आता पुष्कळ कमी झाली आहे. तरीही ताई रोज सकाळी पेणच्या त्या खोलीत असतात, आणि दुपारचे जेवण वेळेवर घेत नाहीत. ही तक्रार मी या ग्रंथात मुद्दाम नोंदवत आहे.

परवा सुनंदाबाई बाजारात भेटल्या. ताईंवर लिहायचे आहे, तुमच्याकडून काय लिहू, असे मी विचारले.

"लिवा, म्हनावं, बाई, जेवत जा येळेवर. जीव सांबाळा तुमचा. आमच्याकडं पोरी अजून लय हायत."

याहून वेगळी प्रार्थना मला सुचत नाही. ताई, उदंड जगा, धडधाकट राहा. आम्हां सगळ्यांना तुम्ही अजून खूप वर्षे हव्या आहात.