परिषदेचं पाणी

शकुंतला गेली हे मला कॉलेजच्या सूचनाफलकावर कळलं. सुट्टीत ती निपाणीला आक्काकडं, म्हणजे थोरल्या बहिणीकडं गेली होती. तिथंच तिला हृदयविकाराचा झटका आला. तार कॉलेजात आली, ऑफिसनं दोन ओळींचा इंग्रजी कागद फलकावर टाचला आणि त्यातही तिची आद्याक्षरं चुकवली. सारी नोकरी ज्या इमारतीत काढली, तिथं तिचं नावही धड लिहिता आलं नाही यांना! मी तो कागद ओढून फाडला. शिपाई नुसताच "बाई… अहो बाई…" करत राहिला. शोकसभेत प्राचार्य बोलले. हे गृहस्थ पूर्वी तिच्याच, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागाचे प्रमुख होते. "फार सोशिक होत्या हो," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी उठून बाहेर आले. राग उतरेल म्हणून काही आठवडे थांबले. उतरला नाही.

शकूची आई आणि आक्का निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. लहानपणी शाळा सुटली की शकूही तिथं जायची, नाकाला फडकं बांधून पानं निवडायची. पुढं बौद्ध वस्तीतली विज्ञान शिकलेली ती पहिली मुलगी झाली आणि अभ्यासाचा विषयही तिनं त्याच वखारीतनं उचलला. त्या धुळीत, पत्र्याखालच्या उकाड्यात, तंबाखूच्या विखारात जंतू तगतात तरी कसे? मी येळ्ळूरच्या शेतकऱ्याची मुलगी, त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. शकू बाहेर जेवढी नीटनेटकी पुस्तकी मराठी बोलायची, तेवढंच माझ्याशी घरचं बोलायची. एकदा मी तिच्या जंतूंच्या चिवटपणाचं कौतुक केलं, तर उसळून म्हणाली, "कौतुक कसलं करतीस गं? पाय न्हाईत म्हणून सोसत्यात ती. पाय असते तर कवाच उठून गेली असती!" सोशिक म्हणे!

सत्तरीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा आमच्या कॉलेजात एक परिषद भरली. प्रतिकूल परिस्थितीत सूक्ष्मजीव कसे तगून राहतात, हा विषय. पुण्या-बंगळूरकडनं मोठमोठी माणसं येणार, दुसऱ्या दिवशी दुपारी शकूचं व्याख्यान. साडी कुठली नेसू, इंग्रजी उच्चार बरोबर येतील ना, असं चाललं होतं तिचं. उन्हाळा कडक होता आणि पाहुण्यांना पाणी वसतिगृहाच्या जमिनीतल्या टाकीचं द्यायचं ठरलं होतं. टाकीशेजारनंच संडासाचा नळ गेलेला. शकूला ते बघवेना. परिषदेच्या दोन दिवस आधी आम्ही दोघी तिथं गेलो. दोरी मी धरली, निर्जंतुक केलेली बाटली तिनं खाली सोडली. प्रयोगशाळेत तिनं ते पाणी जांभळ्या रसाच्या नळ्यांत घालून उबेला ठेवलं. परिषदेच्या आदल्या दिवशी बघितलं, तर नळ्या पिवळ्याधमक पडलेल्या, प्रत्येकीत वायूचा बुडबुडा. या शास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही याचा अर्थ कळतो. पाण्यात मैला उतरला होता.

नळ्यांचा स्टँड घेऊन ती विभागप्रमुखांकडं गेली. मी बरोबर होते, म्हणून पुढचं ऐकीव नाही. त्यांनी नळ्यांकडं पाहिलंच नाही. म्हणाले, "टाकीला हात लावायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सर, हात नाही लावला. दोरीनं बाटली सोडली."

"तेच ते."

तेच ते! पाण्याला शिवण्यावरनं या देशात काय काय झालं, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये. बाहेर आल्यावर शकूचे ओठ पांढरे पडले होते. पण पाच मिनिटांत ती कँटीनवाल्याच्या दारात उभी, पुस्तकी मराठी विसरून. "अण्णा, पाणी उकळून द्या. लई पुण्य लागंल." कँटीनवाल्या अण्णाला तोवर वरनं निरोप आला होता. तो खाली मान घालून कप विसळत राहिला. मग तिनं मराठी, कन्नड आणि इंग्रजीत 'हे पाणी पिऊ नका' असं लिहून पाहुण्यांच्या पाण्याच्या पिंपावर चिकटवलं. सकाळी कागद गायब.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी निम्मे पाहुणे आडवे झाले. वसतिगृहाच्या संडासापुढं विद्वानांची रांग लागली. आणि दुपारपर्यंत कॉलेजभर बोललं जाऊ लागलं, की त्या बाईनं प्रयोगशाळेतल्या बाटल्या टाकीत बुडवल्या, जंतू तिनंच सोडले. "वातावरण बरं नाही," असं सांगून तिचं व्याख्यान रद्द करण्यात आलं. मला वाटलं, ती आता घरी जाईल. ती सरळ व्यासपीठावर चढली, स्टँड टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत म्हणाली, "संकटात जंतू कसे जगतात हे मी सांगणार होते. इथं त्यांना संकट कसलं? तुमच्या पेल्यात मजेत आहेत. या नळ्या पाणी वाटायच्या आधीच्या आहेत. कुणीही पुढं येऊन बघा." तेवढ्यात माईक बंद केला गेला. मी मागच्या बाकावरनं ओरडले, "दोरी मी धरली होती, मला विचारा!" कुणी विचारलं नाही. त्या पिवळ्या रंगाचा अर्थ ज्यांना झोपेतही कळला असता, अशी माणसं सभागृहभर बसली होती आणि सगळी आपापल्या बुटांकडं बघत होती.

पुढं चौकशी झाली. मी जबाब दिला, शकूनं दिला. ठपका ठेवला नाही आणि निर्दोष आहे असंही कुणी लिहून दिलं नाही. सुट्टीत गुपचूप टाकी उकरली, तेव्हा संडासाचा नळ फुटलेला सापडला. तो बदलला, वर माती लोटली. परिषदेच्या छापील ग्रंथातनं तिचं नाव गेलं. विभागप्रमुखांचे प्राचार्य झाले. त्यानंतर कुठल्याही परिषदेला तिला कॉलेजनं पाठवलं नाही. रविवार आला की ती निपाणीची बस धरायची. आईची, आक्काची ओढ असेल, असं मी धरून चालले होते.

तिच्या पुण्यानुमोदनाला मी निपाणीला गेले होते. वंदना झाली, जेवणं झाली. मग आक्कानं मला मागच्या खोलीत नेलं. एका पेटीत बल्ब लावून शकूनं नळ्यांना ऊब द्यायची सोय केली होती. दर रविवारी शकू या खोलीत वखारीतल्या बायकांना घेऊन बसायची. गल्लीगल्लीच्या नळाचं पाणी कसं घ्यायचं, कसं तपासायचं हे शिकवायची. बायकांनी तसं करून, सुट्टीत शकूला पुढं घालून पाण्याच्या ऑफिसात जाऊन, दोन गल्ल्यांचा नळ बदलून घेतला होता. मला यातलं एक अक्षर तिनं सांगितलं नव्हतं… आक्का म्हणाली, "उद्या पाण्याच्या हापिसात जायाचंय. खालच्या आळीत पोरं आजारी पडल्यात. राहतीस का?"

राहिले. सकाळी दहा-बारा बायका पुढं, मी मागं. साहेबानं चष्म्यावरनं सगळ्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "आज मॅडम नाही आल्या?"

"मॅडम गेल्या," खुर्ची पुढं ओढून बसत आक्का म्हणाली. "आता आमच्यासंगं बोला."